आडवा आशिया

बडोद्यात पाणीगेटच्या आतल्या त्या गल्लीत गणपतीचा मांडव दरवर्षी एकाच जागी पडतो. तीस फूट लांब, बावीस फूट रुंद. दार मावळतीला, देव उगवतीला. देवापुढच्या सगळ्या जमिनीवर रांगोळी, हीसुद्धा तिथली जुनी रीत. पण यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी, भास्कररावांनी, बैठकीत सांगून टाकलं होतं, "ही शेवटची हाताची रांगोळी. लोक दोन मिनिटं थांबत नाहीत. पुढच्या वर्षीपासून छापील फ्लेक्स अंथरायचा. पुसत नाही, उडत नाही, पोरींच्या कमरा मोडत नाहीत."

त्यावर जगदेवरावांची नात शलाका उभी राहिली. चित्रकलेची मास्तरीण ती, कारेलीबागेतल्या एका शाळेत. ती म्हणाली, "काका, यंदा मी अख्खा आशिया खंड काढते. प्रत्येक देश त्याच्या त्याच्या नक्षीने भरते. लोक थांबले नाहीत तर फ्लेक्स मी स्वतः अंथरीन."

"बोललीस ने? मग झालं," भास्करराव म्हणाले.

बोलून बसली खरी, आणि नेमकं शुक्रवारी सकाळी तिला शाळेने दोन दिवसांच्या शिबिराला अहमदाबादला पाठवलं. सोमवारी गणपती. जाताना तिने नकाशाचं पान आजोबांच्या हातात दिलं आणि नक्षींच्या कागदांची पिशवी मनाली आणि राजनंदिनीकडे. या दोघी गल्लीतल्याच, कॉलेजात जाणाऱ्या, हात चांगला चालणाऱ्या.

"आबा, चौकोन पाडून ठेवा. तुमच्यासारखे चौकोन दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत. मी रविवारी दुपारी येते. सगळं तुमच्यावर सोडून चाललेय."

"जा तू बिनघोर," जगदेवराव म्हणाले.

नकाशा उभा काढायचा की आडवा, याबद्दल दोघांत बोलणंच झालं नाही. तिला वाटलं, यात सांगायचं काय. त्यांना वाटलं, यात विचारायचं काय.

जगदेवराव बहात्तर वर्षांचे. घराणं शिलेदारांचं, पण त्यांच्या वाट्याला तलवार आली नाही, साखळी आली. जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं त्यांनी साखळीचं एक टोक धरलं. करजण तालुक्यातला एकही बांध असा नसेल ज्यावर त्यांचा पाय पडला नाही. तिथेच एकदा दोन भावांनी मोजणीच्या दिवशी काठ्या काढल्या होत्या. नव्या कारकुनाने नकाशा उलटा धरला होता, त्यामुळे धाकट्याची विहीर थोरल्याच्या शेतात जाऊन पडली. शेवटी मोजणीदार साहेबांनी कागद काढून घेतला, जमिनीवर अंथरला, होकायंत्र ठेवून फिरवला आणि म्हणाले, "जगदेव, लक्षात ठेव. नकाशा हातात धरायचा नसतो, जमिनीवर घालायचा असतो. आणि घालायच्या आधी दिशेला लावायचा. नाहीतर तो खोटा कागद." विहीर आपल्या जागी आली आणि काठ्या खाली गेल्या. तेव्हापासून जगदेवरावांनी दिशेला न लावलेला नकाशा कधी पाहिला नव्हता. भिंतीवर टांगलेला नकाशा दिसला तरी त्यांची मान आपोआप वळायची.

तेव्हा शुक्रवारी त्यांनी तेच केलं. मांडवात मध्यभागी पान ठेवलं, होकायंत्र ठेवलं, पान फिरवलं. जपान देवाच्या पायाशी गेला. अरबस्तान दाराशी आला. सायबेरिया डाव्या भिंतीला लागला. त्यांना फार बरं वाटलं. आशिया पूर्व-पश्चिम लांब आणि मांडवही पूर्व-पश्चिम लांब, जणू मांडव घालणाऱ्याने खंड मोजूनच खांब रोवले होते. मग शेजारच्या अब्बासभाई बोहऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून सुतळी आणि खिळे आणून दोन-दोन फुटांचे चौकोन पाडले. पान मोठं करून आणलं, तेवढेच तुकडे केले, नंबर घातले, प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बाण काढला. ज्या चौकोनात बसायचं तेवढाच तुकडा हातात. अख्खा नकाशा कुणी पाहायचंच कारण नाही.

आणि रांगोळी नेहमी देवापासून सुरू होते. मागे सरकत सरकत दाराकडे यायचं, म्हणजे भरलेल्यावर पाय पडत नाही. तेव्हा आधी उगवतीचे देश.

मनालीने जपान भरला. एका कमानीवर दुसरी कमान, अशा निळ्या लाटा. जगदेवराव खिळ्यांपाशी बसून बघत होते. त्यांना वाटलं, समुद्राच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. मग चीनचे ढग आले. खरे ढग असे कुठे असतात, शेपूट असलेले. पण एक भरल्यावर दुसरा भरावासा वाटायचा. मंगोलिया आला तेव्हा राजनंदिनीने कागद दाखवला, "आबा, ही मेंढ्याची शिंगं बघा. तंबूवर, जोड्यांवर, सगळीकडे हेच काढतात."

"मग बरोबर आहे. धन तेच ने त्यांचं. आपल्याकडे नाही का गाईची पावलं काढत."

शनिवारी दुपारी चिमणाबाई डबा घेऊन आल्या. जगदेवरावांच्या त्या बायको, जिभेला धार. नवरा दोन दिवस घरी जेवत नाही म्हणून आधीच तापलेल्या. पण इंडोनेशियाच्या बेटांशी येऊन थबकल्या. मनाली तिथे लाल-काळ्या चौकटी भरत होती, टोकांना दातरे.

"ही पटोळ्याची नक्षी इथं कुणी आणली?"

"आजी, ही तिथलीच आहे. शलाकाताईने लिहिलंय बघा. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेतून गलबतं भरून पटोळी जायची तिकडे. तिथे लोक नेसायचेसुद्धा नाहीत, पेटीत जपून ठेवायचे. सणाला काढायचे, आजारी माणसाच्या अंगावर घालायचे."

चिमणाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "पन्नास वर्षं बडोद्यात संसार केला, पटोळं नुसतं दुकानाच्या काचेतून बघितलं. आणि तिकडे बेटावरच्या बायका पेटीत घालून बसल्यात. अहो, ऐकलंत?"

"ऐकलं. पुढच्या जन्मी बेटावर लग्न कर."

"करीनच. साखळीवाल्याशी तर नाहीच करायची."

पण डबा ठेवून त्या गेल्या नाहीत. पदर खोचून बसल्या आणि दातरे भरू लागल्या.

शनिवार असाच गेला. जगदेवरावांना झोपसुद्धा नीट लागेना, इतका तो खंड अंगात भिनला. आयुष्यभर त्यांनी जमीन गुंठ्याने मोजली, आणि आता एका चौकोनात अख्खा देश बसत होता. उझबेकिस्तानच्या कापडाचे रंग भरले, एकमेकांत सांडल्यासारखे, आणि राजनंदिनी म्हणाली, हेही सूत आधी बांधून रंगवतात, पटोळ्यासारखंच. जगदेवराव उठून इंडोनेशियापाशी गेले, परत उझबेकिस्तानपाशी आले. मध्ये पंधरा पावलं. एवढ्या लांबच्या दोन माणसांनी सुताला गाठ मारायचा एकच विचार केला, आणि मध्ये पटोळी विणणारा पाटणचा विणकर. ते सारखं जाऊन येऊन बघू लागले, तेव्हा मनाली म्हणाली, "आबा, बसा ने आता. तुमच्या येरझाऱ्यांनी चीनचे ढग उडतील."

अब्बासभाई दिवसातून चार वेळा दुकानातून डोकावत. बोहऱ्यांची ती सोनेरी काठाची टोपी, हातात चहाचा पेला. आमचे धर्माचे मोठे यमनहून आले, असं त्यांच्या घरात सांगत. त्यामुळे त्यांचा एकच प्रश्न. "जगदेवभाई, यमन क्यारे आवशे?"

"दाराशी आहे. शेवटी येणार."

"सारू. अमे तो हजार वरसथी वाट जोईए छे," असं म्हणून ते हसत आणि जात.

शलाका अहमदाबादहून फोटो मागत होती. जगदेवरावांना फोटो काढता यायचा तो जवळून. त्यांनी लाटा पाठवल्या, शिंगं पाठवली, दातरे पाठवले. तिचं उत्तर यायचं, "आबा, अप्रतिम." ते शब्द ते चिमणाबाईंना दोनदा वाचून दाखवत.

रविवारी सकाळी हिंदुस्थान आला. शलाकाने लिहून ठेवलं होतं, आपला देश ठिपक्यांच्या रांगोळीने भरायचा आणि तो आजीने भरायचा. चिमणाबाई स्नान करून, नवं लुगडं नेसून आल्या. मनालीने हद्दीची रेघ तुकडे बघून आधीच ओढून ठेवली होती. चिमणाबाई पांढऱ्या रांगोळीची चिमूट घेऊन वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अहो, याचं डोकं कुठं आहे?"

"कुणाचं?"

"हिंदुस्थानचं. शाळेतल्या भिंतीवर तो उभा असतो. इथं आडवा का झोपलाय?"

मनाली उठून उभी राहिली. राजनंदिनीही. तीन दिवसांत पहिल्यांदाच दोघींनी नकाशा चौकोनाबाहेर पाहिला. कन्याकुमारीचं टोक उजव्या भिंतीकडे गेलेलं, जिथे पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला होता.

"आबा," मनाली हळूच म्हणाली, "उत्तर वर पाहिजे होती."

"उत्तर वर कशी असेल? वर आढं आहे. उत्तर तिकडे आहे." त्यांनी डाव्या भिंतीकडे बोट केलं. "मी होकायंत्राने लावलाय."

 तेवढ्यात भास्करराव आले. त्यांनी दारातूनच पाहिलं, मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला.

"जगदेवराव, हा हिंदुस्थान माठावर पाणी प्यायला निघालाय काय?"

मनालीला हसू आलं आणि तिने ते गिळलं.

"उद्या दहा वाजता देव येणार. गावातली माणसं येणार, शाळांची पोरं येणार. प्रत्येकाच्या डोक्यात आशियाचा नकाशा छापलेला आहे, आणि आमचा मात्र आडवा पडलाय. थांबायचं राहू द्या, हसून हसून जातील. मी आत्ताच फ्लेक्सवाल्याला फोन लावतो. पुढच्या वर्षीची वाट कशाला बघायची."

जगदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतःसाठी नाही. पोरगी बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहिली होती, आणि सगळं आपल्यावर सोडून गेली होती. चौतीस वर्षांत साखळीत एका कडीची चूक केली नाही, आणि नातीच्या कामात अख्खा खंड फिरवून ठेवला. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"मी पुसतो. रात्रभर बसून पुन्हा चौकोन पाडतो."

"आणि तीन दिवसांचं भरणार कोण?" चिमणाबाई म्हणाल्या. "ठेवा तो झाडू खाली. जपान उडवाल."

शलाका आली ती याच वेळी. खांद्यावर पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले, स्टेशनवरून सरळ मांडवात. दारात थांबली. तिचे डोळे एकदा डावीकडून उजवीकडे गेले, एकदा दारापासून देवापर्यंत गेले. जगदेवरावांना तिच्याकडे बघवेना.

"चूक माझी," ते म्हणाले. "तू काही बोलली नाहीस आणि मी काही विचारलं नाही. मी जमिनीचा नकाशा घातला. तुला भिंतीवरचा पाहिजे होता."

शलाकाने पिशवी खाली ठेवली. ती भिंतीच्या कडेने देवापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या ओठांवरून कळत होतं, रडू अडवलंय.

"काय झालं?" अब्बासभाई चहाचा पेला घेऊन दारात उभे होते. "यमन आव्यो?"

"यमन नाही आला. आणि आता येणारही नाही," भास्करराव म्हणाले. "नकाशा चुकलाय. दिशा फिरल्यात."

"क्यां फिरी छे? दाखवा तर."

अब्बासभाई चपला काढून कडेने आत आले. "बडोदा कुठे?"

चिमणाबाईंनी सकाळीच रेघेच्या आत बडोद्याच्या जागी कुंकवाचा एक दाणा टाकला होता, तो दाखवला. अब्बासभाई त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, उभे राहिले.

"आणि मक्का?"

शलाकाने मनालीच्या हातातली तुकड्यांची चळत घेऊन चाळली, दाराजवळच्या रिकाम्या चौकोनात गेली, मोजून खडूने फुली मारली. अब्बासभाईंनी दाण्याकडे पाहिलं, फुलीकडे पाहिलं, आणि हात लांब केला. हात दारातून बाहेर, मावळतीकडे गेला. मग ते झपाझप बाहेर गेले. सगळे त्यांच्या मागे दारापर्यंत. आपल्या दुकानात, जिथे ते रोज नमाजाला उभे राहतात तिथे ते उभे राहिले आणि पुन्हा तसाच हात केला. दोन्ही वेळा हात एकाच बाजूला.

परत आले ते हसत. "आ साचो छे. भास्करभाई, तुमचा भिंतीवरचा नकाशा माझ्या दुकानात दक्षिणेच्या भिंतीवर लावला तर माझा किब्ला, नमाजाची दिशा, तमारा भगवानना पगमां जशे. हा एकच नकाशा बराबर आहे."

भास्करराव ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. "ठीक आहे, तुमचं एक जुळलं. काशी दाखवा."

जगदेवरावांनी झाडू भिंतीला टेकवला. त्यांना ओळखीचं काम सापडलं होतं. "तुम्ही बडोद्यापाशी उभे राहा. आता देवाशेजारच्या, तुमच्या डाव्या हाताच्या खांबाकडे बघा. तिकडे काशी. चालत निघालात तर त्याच खांबावरून जाल."

"आणि नाशिक?" चिमणाबाईंनी विचारलं. नाशिक त्यांचं माहेर.

"माठाकडे."

"म्हणजे माझं माहेर एवढी वर्षं या माठाच्या बाजूला होतं, आणि मी चुलीपुढे बसून त्याच्याकडे पाठ करायची?"

"चूल मी नाही घातली."

मग खेळच सुरू झाला. राजनंदिनीने काठमांडू विचारलं, मनालीने मक्केच्या पलीकडचं इजिप्त विचारलं, तर जगदेवराव म्हणाले, ते खंडाबाहेर, रस्त्यावर, पानवाल्याच्या टपरीशी. जो तो कुंकवाच्या दाण्यापाशी उभा राहून हात करू लागला. जगदेवराव होकायंत्र घेऊन एकाचा हात दोन बोटं इकडे सरकवत, दुसऱ्याचा तिकडे. त्यांचा आवाज चढला होता, पंचवीस वर्षांपूर्वी शेतात चढायचा तसा.

 थोड्या वेळाने भास्कररावांनी खाकरून विचारलं, "जपानातलं ओसाका कुठे?"

त्यांचा कुणाल तिथे एका कारखान्यात इंजिनिअर होता. सहा वर्षं झाली.

"त्या लाटांत. देवाच्या उजव्या पावलाशी धरा."

भास्करराव दाण्यापाशी उभे राहिले. बराच वेळ लाटांकडे बघत राहिले. मग बाहेर आपल्या घराच्या ओट्याकडे पाहिलं, परत देवाच्या जागेकडे पाहिलं.

"मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला फोन करतो. रस्त्याकडे तोंड करून."

"रस्ता मावळतीला आहे," जगदेवराव म्हणाले.

"म्हणजे सहा वर्षं मी पोराकडे पाठ करून बोलतोय."

 भास्कररावांनी खिशातून फोन काढला. सगळ्यांना वाटलं, फ्लेक्सवाल्याला. पण ते लाटांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाल, जेवलास का? काही नाही रे, सहज. आत्ता मी बरोबर तुझ्याकडे बघतोय. कसं ते उद्या सांगतो."

शलाकाने डोळे पुसले आणि पदर नसलेल्या कमरेला ओढणी बांधली. आता तिचा आवाज मास्तरणीचा होता. "काही पुसायचं नाही. माठाच्या भिंतीच्या कडेने दोन हात वाट सोडायची. लोक मावळतीकडून येतील, अरबस्तानाच्या पुढून निघतील, इराण, हिंदुस्थान, चीन करत उगवतीला देवापाशी पोचतील. सूर्याच्या समोरून चालत. भिंतीवरच्या नकाशात असं चालता येतं का? मनाली, इराणचा गालिचा घे, चार वाफ्यांची बाग आहे ती. राजनंदिनी, तुर्कस्तान. आजी, ठिपके. अब्बासचाचा, यमन आत्ता लगेच घेते. तुम्ही चौकटीचा रंग सांगा."

"अरे, बहु मोडू थयूं, फार उशीर झाला, आता मीच भरतो," म्हणत अब्बासभाई बाह्या सरसावून बसले. त्यांनी यमनभोवती जी रेघ ओढली ती थोडी वाकडी गेली. ती कुणी दुरुस्त केली नाही.

दिवेलागणीच्या आत खंड पुरा झाला. शेवटचा चौकोन भरून जगदेवराव उलट पावली दाराबाहेर आले आणि त्यांनी खिळे उपटून सुतळी गुंडाळली.

सोमवारी ताशांच्या गजरात देव आला. मग माणसं येऊ लागली, आणि दारात तुंबली. आत गेलेला माणूस बडोद्यापाशी थांबायचाच. कुणाची बहीण मस्कतला, कुणाचा जावई सिंगापूरला, कुणाला नुसतंच ल्हासा कुठे ते पाहायचं होतं. एक म्हातारी आपला भाऊ रंगूनला गेला आणि परत आला नाही म्हणून पूर्वेला हात जोडून उभी राहिली, आणि मागची रांग खोळंबली तरी तिला कुणी सरका म्हटलं नाही. एका गुरुजींनी मात्र नाकावरचा चष्मा वर करून सांगितलं, नकाशा चुकीचा आहे. त्यांना उत्तर द्यायला भास्करराव स्वतः गेले.

"गुरुजी, तुम्ही चुकीचे उभे आहात," ते ठासून म्हणाले. "जरा वळा."

दुपारी गर्दी ओसरल्यावर ते जगदेवरावांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. घसा बसला होता. "फ्लेक्सवाल्याला नको म्हणून कळवलंय. शलाकाला सांगा. पुढच्या वर्षी म्हणावं आफ्रिका काढ. आपले गुजराती भाई तिकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांचीही माणसं येतील."

जगदेवराव लगेच उठले आणि दारापासून पावलं टाकत निघाले. अर्ध्यात थांबले.

"बसायची नाही. आफ्रिका उत्तर-दक्षिण लांब. तुमचा मांडव पूर्व-पश्चिम लांब."

"मग फिरवा तिला थोडी."

"तिला फिरवायची नाही, भास्करराव. मांडव फिरवा."

"मांडव फिरवला तर देव अब्बासभाईच्या दुकानात जाऊन बसेल."

"अमने शुं वांधो?" दुकानातून आवाज आला.

जगदेवरावांनी मात्र तोवर सुतळीचं एक टोक भास्कररावांच्या हातात दिलं होतं. "धरा घट्ट," ते म्हणाले, आणि दुसरं टोक घेऊन दुकानाच्या पायरीकडे चालू लागले.